तात्यांची काच

“दांडा इकडं द्या,” मी म्हणाले.

पॅनमन इलाही शिकलगारने दांडा माझ्या हातात दिला आणि बाजूला सरकला. तीन नंबरच्या पॅनसमोर आम्ही दोघे होतो. चार पावलांवर महिपतकाका हात मागे बांधून उभे होते. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि पॅनच्या मजल्यावर नेहमीसारखी वाफ कोंदली होती.

साखर कारखान्यातला पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. आत पाक उकळत असतो आणि त्यात साखरेचा दाणा वाढत असतो. आत काय चाललंय हे पाहायला एकच वाट: भांड्याच्या पोटात शिरलेला पितळी दांडा ओढायचा, त्याच्या खाचेत आलेला पाक काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि पट्टी उजेडाकडे धरायची. दाणे सारखे दिसले की पॅन ठीक चाललाय. त्यांच्यामधून धुळीसारखे बारीक कण दिसू लागले, तर तो खोटा दाणा. तो वेळेत पाणी देऊन विरघळवावा लागतो, नाहीतर साखर बारीक-जाड, मिसळ येते. दांडा, काच आणि डोळा, एवढ्यावर पॅनमनची सगळी विद्या.

मी ॲप्रनच्या खिशातला रुमाल सोडून तात्यांची काच काढली. तिच्यावर पाक पसरला आणि खिडकीकडे धरली.

“खोटा दाणा आहे. पाणी द्या.”

इलाहीने काचेकडे पाहिलं, मग महिपतकाकांकडे.

“मॅडम, आत्ता मी बघितला तवा साफ हुता.”

“तेव्हा असेल. आता दिसतोय ना?”

“दिसतोय,” तो म्हणाला आणि त्याने पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला.

मी काच पुसून रुमालात गुंडाळली आणि जिना उतरू लागले. वरून इलाहीचा आवाज आला, “काका, सांगा की आता.”

“तूच सांग.”

“मी? मला दोन पोरी हायत, काका.”

मी अर्ध्या जिन्यात थांबले. “काय सांगायचंय?”

महिपतकाका कठड्यावरून वाकून म्हणाले, “काय न्हाई मॅडम. चहा सांगायचा का, असं इचारतंय ते.”

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. त्या हिवाळ्याआधीच्या ऑगस्टमध्ये आमचे चीफ केमिस्ट दुसऱ्या कारखान्यात निघून गेले आणि त्यांच्या जागेचा कार्यभार माझ्याकडे आला. त्याआधी दहा वर्षांत मी प्रयोगशाळेत केमिस्ट झाले, मग शिफ्ट इन्चार्ज, मग डेप्युटी. प्रत्येक बढती मला एकाच कारणाने मिळाली होती. काम कुणापेक्षाही चोख करायचं, आणि शंका आली तर दुसऱ्याच्या हातातलं घेऊन स्वतः करायचं. यात चुकीचं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाई म्हणून मला त्या मजल्यावर उभं राहायचं तर दुसरा मार्गही दिसत नव्हता.

माझे वडील, गणपतराव थोरवत, त्याच मजल्यावर एकतीस वर्षं होते. आधी पॅनमन, मग पॅन सुपरवायझर. सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून आम्हीही. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर महिपती गुरव आले, तेच महिपतकाका. मी लहान असताना ते मला खांद्यावर घेऊन कारखान्याच्या गणपतीला नेत. माझी बढती झाल्यापासून मात्र मजल्यावर त्यांनी एका शब्दाने मला हटकलं नव्हतं. हात मागे बांधून उभे राहत, बस. मला वाटे, पोरीच्या हाताखाली काम करावं लागतंय म्हणून रुसलेत.

जानेवारीच्या दोन तारखेला तात्या गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. उत्तरकार्य झाल्यावर आईने त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातून काचेची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. बोटभर रुंद, एक कोपरा किंचित उडालेला.

“कायम खिशात असायची,” ती म्हणाली. “शर्ट धुवायच्या आधी मी काढून पुसून ठेवायची. आता तू ठेव. तुझ्या कामाची आहे.”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. प्रयोगशाळेतल्या आतल्या खोलीत उपकरणं असतात म्हणून ती वातानुकूलित होती. तिथल्या माझ्या खणात मी ती काच तात्यांच्या रुमालात ठेवली. दर तासाला ती घेऊन वर जायचं, चारही पॅन स्वतः पाहायचे, काय करायचं ते सांगायचं, खाली यायचं आणि काच पुन्हा जागेवर ठेवायची. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ती काच हातात असली की तात्या शेजारी उभे आहेत असं वाटतं. तेवढ्या वेळापुरतं मला बरं वाटायचं.

साखर मात्र बिघडत चालली होती. चाळणीची परीक्षा केली की दाणा मिसळ यायचा, रोज थोडा जास्त. मी आणखी वेळा वर जाऊ लागले. मी वर नसले की पॅनमन काही करत नसत, माझी वाट पाहत थांबत. “मॅडम येऊ देत,” हे वाक्य मी जिन्यातून कितीदा तरी ऐकलं होतं. मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

त्या बुधवारी, इलाहीच्या पॅनला पाणी देऊन मी खाली आले, तर एम.डी. साहेबांचं बोलावणं आलं होतं. त्यांच्या टेबलावर साखरेचे दोन नमुने बशीत काढून ठेवले होते.

“थोरवत मॅडम, ही डिसेंबरची. ही कालची.” त्यांनी दोन्ही बशा माझ्याकडे सरकवल्या. “तुमच्या घरी दुःख आहे, मला कळतं. मी काही बोलणार नव्हतो. पण शनिवारी संचालक मंडळाची बैठक आहे आणि बाहेरून चीफ केमिस्ट आणायचा विषय कुणीतरी घातलाय.”

“आणि मी?”

“तुम्ही प्रयोगशाळेत. पूर्वीसारख्या.” ते म्हणाले, “त्यात कमीपणा नाही.”

त्यात कमीपणाच होता, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एकदा मी खाली आले असते, तर त्या मजल्यावर पुन्हा कुठल्याही बाईला कुणी चढू दिलं नसतं. शिवाय तो मजला तात्यांचा होता.

दुपारी बाराच्या सुमाराला मी आतल्या खोलीत चाळणीचे आकडे पुन्हा पाहत बसले होते. दारावर टकटक झाली. महिपतकाका. ते प्रयोगशाळेत सहसा येत नसत. बूट बाहेर काढून ते मोज्यांवर आत आले.

“बाबौ. हितं तर महाबळेश्वर हाय.”

“उपकरणांसाठी लागतं, काका. बसा.”

“बसत न्हाई. काच बघू जरा.”

मी खण उघडून रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी काच बाहेर काढली, पण उजेडाकडे धरली नाही. गालाला लावली. मग माझ्याकडे केली.

“हात लाव.”

मी बोट टेकवलं.

“कशी हाय?”

“गार,” मी म्हणाले. आणि बोट मागे घेतलं.

“चल वर,” ते म्हणाले. बऱ्याच वर्षांनी ते माझ्याशी अगं-तूगंच्या जवळिकीने बोलत होते.

वर गेल्यावर त्यांनी पॅनच्या अंगावरच्या पत्र्यावर ठेवलेली इलाहीची काच उचलली. सगळे पॅनमन आपापली काच तिथेच ठेवतात हे मी लहानपणापासून पाहत आले होते. ठेवायला जागा सोयीची म्हणून, असं मला वाटे. काकांनी दांडा ओढला आणि त्याच्यावरचा पाक अर्धा इलाहीच्या काचेवर, अर्धा तात्यांच्या काचेवर पसरला. दोन्ही एकदम खिडकीकडे धरल्या.

इलाहीच्या गरम काचेवर दाणे सारखे, चोख, कडेला धार असलेले. तात्यांच्या काचेवर तेच दाणे, आणि त्यांच्यामध्ये धुळीसारखा बारीक कण. माझ्या डोळ्यांसमोर तो वाढत होता.

उकळता पाक गार पृष्ठभागाला लागला की तिथल्या तिथे बारीक दाणे पडतात. हे मी दर वर्षी नव्या केमिस्टांना शिकवत असे. फळ्यावर आकृती काढून.

“म्हणजे पॅनमध्ये खोटा दाणा नव्हताच,” मी म्हणाले.

“नव्हता.”

“आणि मी पाणी देत होते. चांगला दाणा अर्धवट विरघळवत होते, म्हणून मिसळ.”

“व्हय.”

“किती दिवस माहीत आहे तुम्हाला?”

“धा-बारा दिस झालं. समद्यांनाच म्हाईत हाय.”

“समद्यांना?”

इलाही पलीकडे व्हॉल्व्हच्या चाकाकडे बघत उभा होता. त्या चाकाला बघण्यासारखं काही नव्हतं.

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला होता. “माझी खुर्ची जायची वेळ आलीय, काका!”

“कसं बोलणार?” काका शांतपणे म्हणाले. “तू ती काच रुमालातनं काढायचीस, ते आमी बघत हुतो. देवघरातनं काढावी तशी. तवा तात्यांना जाऊन पंधराच दिस झालेलं. ही काच वापरू नगंस, असं कुनाच्या तोंडातनं निघंल? हा इलाही एकदा बोलाय गेला, तर तू त्याच्या हातातनं दांडाच काढून घेतलास.”

इलाही चाकाकडे बघतच हळूच म्हणाला, “मॅडम, मी काय मनात धरलं न्हाई. तात्यांची काच म्हणून गप ऱ्हायलो.”

“ती तात्यांची न्हाईच,” महिपतकाका म्हणाले.

आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

“माझी हाय ती. ह्यो कोपरा बघ. पैल्या वर्षी माझ्याच हातनं पडून उडालेला.” त्यांनी काच बंडीला पुसली. “तात्या सुपरवायझर झालं तवा मी पंचवीस वर्साचा. त्यांचा हात लई गोड. त्यांच्यासारखा पॅन कुनाला उकळता यायचा न्हाई, म्हनून तर बढती दिली. पर सुपरवायझर झाल्यावरबी त्यांचा हात काय थांबंना. दांडा ओढला की आलेच. पैल्याच आठवड्यात माझ्या हातातनं काच हिसकून घेतली आनि चार मानसांत म्हनाले, ‘तुला दाणा दिसतो का डोळं फुटल्यात?’”

तात्या कुणाला असं बोलल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

“मग?”

“मग काय, मी घरी. आठ दिस आलोच न्हाई. रानात ऊस तोडत हुतो. नवव्या दिशी तात्या बांधावर हजर. हातात काच. म्हनले, ‘चल, पॅन बिघडाय लागल्यात.’ मी म्हनलं, ‘तुमीच उकळा की, तुमास्नी दिसतोय दाणा.’ तर काय म्हनले ठावं हाय? ‘मीच उकळतोय रं महिपती. चारीबी. म्हनून तर बिघडाय लागल्यात.’”

इलाही हसला आणि मग हसू दाबायला खोकला.

“मी म्हनलं, येतो. पर ती काच आता तुमीच ठेवा. पुन्यांदा हात म्होरं आला तर खिसा चाचपा. थट्टेनं म्हनलो हुतो मी. तरणा हुतो, रागात हुतो. पर त्यांनी ती खरंच ठेवली. बावीस वर्सं. आनि त्या दिसापासनं पॅनपाशी आले की हात मागं.” काकांनी स्वतःचे हात मागे नेऊन दाखवले. “उजव्या हातानं डावं मनगाट असं आवळून धरायचे. आमाला कळायचं, गड्याला दिसतंय कायतरी. मग आमीच पुन्यांदा बघायचो.”

मी त्यांच्या मागे बांधलेल्या हातांकडे पाहत राहिले.

“तुम्हीही तेच करता,” मी म्हणाले.

“त्यांच्याकडनंच उचललं. तू आल्यापासनं जरा जास्तच आवळाय लागतंय.”

मला हसू फुटलं. आधी हसू, मग रडू, मग दोन्ही मिळून. तात्या गेल्यावर मी तोवर रडले नव्हते. करण्यासारखं पुष्कळ होतं. इलाहीने कुठूनतरी पाण्याचा तांब्या आणला आणि दुसरीकडे तोंड करून तो माझ्यासमोर धरून उभा राहिला.

चार वाजता तीन नंबरच्या पॅनमध्ये नवा पाक घेतला. इलाहीचाच पॅन, शेजारी महिपतकाका. मी वर गेले ती रिकाम्या हातांनी. काच महिपतकाकांना परत देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नव्हती. “तुझ्या खिशात असू दे, कामाला येईल,” एवढंच म्हणाले होते. म्हणून ती ॲप्रनच्या खिशात होती, न वापरता.

पहिला तास ठीक गेला. दुसऱ्या तासात निर्वाताचा काटा, म्हणजे पॅनमधली हवा-वाफ किती ओढली जातेय ते दाखवणारा, खाली सरकलेला मला दिसला. थोडाच. मी मनात म्हटलं, आता पाक घेणं बंद करायला हवं. इलाही दांडा पुसत होता. त्याने काट्याकडे पाहिलं नाही. माझा उजवा हात ॲप्रनच्या खिशापर्यंत येऊन थांबला. मी दोन्ही हात मागे नेले आणि डावं मनगट धरलं. ते दिसतं तेवढं सोपं नाही. आपण बांधलेले हात आपल्यालाच ओढत राहतात.

इलाहीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग काट्याकडे.

“मॅडम, काय करू? थांबवू?”

“पॅन तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं?”

तो गोंधळला. कामावर परतल्यापासून सतरा दिवसांत मी त्याला हे विचारलं नव्हतं. त्याने पॅनच्या पत्र्यावरची गरम काच घेतली, दांडा ओढला, पाक पसरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला. मग वाकून खालच्या पाइपाला कान लावला.

“पाक थांबवायचा न्हाई,” तो म्हणाला. “दाण्याला भूक हाय अजून. थांबवला तर उपाशी ऱ्हाईल. खाली कंडेन्सरचं पानी कमी झालंय, आवाज बघा. ते वाढवाय सांगतो, काटा येतोय वर आपोआप.”

मी पाक थांबवला असता. सगळी पुस्तकं वाचून, आणि त्या काट्याकडे बघून, मी नक्की पाक थांबवला असता.

“सांगा मग,” मी म्हणाले.

वाफ गार करून ओढणाऱ्या त्या कंडेन्सरचं पाणी वाढवायला त्याने खाली हाक मारली. तीन-चार मिनिटं आम्ही तिघे काट्याकडे बघत उभे होतो. माझी बोटं बधिर झाली होती. मग काटा हलला, थोडा थबकला आणि सावकाश आपल्या जागी येऊन बसला.

“आला,” इलाही म्हणाला आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने माझ्या पुढ्यात काच धरली. “बघा, मॅडम. मोती हायत.”

मी त्याच्या हातातली काच न घेता, मान पुढे करून पाहिली. मोतीच होते.

शुक्रवारपर्यंत चाळणीवरचा दाणा डिसेंबरसारखा झाला. शनिवारी सकाळी मी एम.डी. साहेबांच्या टेबलावर तिसरी बशी नेऊन ठेवली आणि चूक माझी होती, पॅनमनची नव्हती, हे सांगितलं. गार काचेची गोष्ट ऐकून त्यांनी तिसरी बशी जवळ ओढली. “हे मंडळासमोर नका सांगू,” म्हणाले. बैठकीत तो विषय पुढच्या वेळेवर ढकलला गेला आणि पुढच्या वेळी कुणी काढला नाही. दोन वर्षांनी माझ्या दारावर चीफ केमिस्ट अशी पाटी लागली. ती इलाहीने स्वतः स्क्रू पिळून बसवली, किंचित तिरकी. ती सरळ करायला माझे हात शिवशिवत होते, पण मी तिला हात लावला नाही.

त्या शनिवारी मी घरी लवकर गेले. खूप दिवसांनी अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. आई मागच्या दारात शेंगा निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

“म्हणजे बावीस वर्षं मी महिपतीची काच पुसत होते?”

“हो.”

“आणि मला वाटायचं, यांची लाडकी वस्तू. हळदी-कुंकवाच्या ताटात ठेवायची तेवढी राहिली होती.” ती हसली. तात्या गेल्यापासूनचं तिचं पहिलं हसू. मग म्हणाली, “हात तर ते घरीही मागेच बांधायचे.”

हे मला माहीत होतं. मी सायकल शिकत होते तेव्हा, दहावीला गणितं सोडवत होते तेव्हा, ते असेच मागे उभे असायचे. अठराव्या वर्षी मी पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा स्टँडवर लोखंडी ट्रंक मी एकटीने ओढत, दोनदा पायावर आपटत, एस.टी.त चढवली होती. तात्या फलाटावर हात मागे बांधून उभे होते. गाडी सुटली तरी हात हलवला नाही. पुण्यापर्यंत मी रागाने खिडकीबाहेर बघत होते, आणि त्या रागातला थोडासा पुढे कितीतरी वर्षं मी जपून ठेवला होता.

“आई, मी पुण्याला गेले त्या दिवशी,” मी विचारलं, “तात्या घरी येऊन काही बोलले होते?”

तिने शेंगा बाजूला सारल्या.

“बोलले काही नाहीत. या इथंच बसले, पायरीवर. डावं मनगट चोळत. लाल झालं होतं. म्हटलं, काय लागलं? तर म्हणाले, काही नाही. पोरगी नीट चढली गाडीत.”